डोळ्यांत जाणारा एक थेंब



फ्रिजच्या दारात नाहीतर टीव्हीखालच्या खणात डोळ्यांच्या औषधाची एखादी अर्धवट बाटली बहुतेक घरांत सापडते. ती कुणासाठी आणली होती, कधी उघडली होती, हे कुणाला आठवत नाही. मुलाचे डोळे लाल झाले की तीच बाटली बाहेर येते. ती संपली असेल तर गुलाबपाण्याची शिशी असते, सुरमेदानी असते, नाहीतर शेजारच्या खालांकडून मागून आणलेले औषध असते. देणाऱ्याच्या मनात माया असते यात शंका नाही. पण डोळ्याला माया कळत नाही, आत काय गेले एवढेच कळते.

या महिन्यात त्या लहानशा बाटलीविषयी बोलू या. पोटात घ्यायची गोळी आणि डोळ्यांत टाकायचा थेंब या दोन फार वेगळ्या वस्तू आहेत. थेंब कसा बनवतात हे एकदा समजले की तो कसा वापरावा हे फारसे पाठ करावे लागत नाही.

कह्हालांचा वारसा

डोळ्यांचे औषध हा विषय आपल्या इतिहासाला परका नाही. अरबीत सुरम्याला ‘कुहल’ म्हणतात आणि डोळ्यांच्या वैद्याला ‘कह्हाल’. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक या ख्रिस्ती विद्वानाने अब्बासी खलिफांच्या आश्रयाने डोळ्यांवर दहा प्रकरणांचा ग्रंथ लिहिला. पुढे अली इब्न ईसा यांचा ‘तज़किरतुल कह्हालीन’ हा ग्रंथ कित्येक शतके नेत्रवैद्यांच्या हाती राहिला. अम्मार इब्न अली अल-मौसिली यांनी पोकळ सुईने मऊ मोतीबिंदू ओढून काढण्याची पद्धत लिहून ठेवली.

ही मंडळी औषधही स्वतः बनवत. खनिजे अगदी बारीक खलायची, कापडातून गाळायची, डिंकात मळून त्यांच्या लहान कांड्या करायच्या आणि सुकवायच्या. या कांड्यांना ‘शियाफ’ म्हणत. गरज पडली की कांडी पाण्यात उगाळून औषध डोळ्यांत घालत. यात दोन गोष्टी त्यांनी अचूक ओळखल्या होत्या. पूड खरखरीत राहिली तर डोळ्याला ओरखडा पडतो, आणि ओले औषध टिकत नाही, कोरडे टिकते. तिसरी गोष्ट मात्र त्यांच्या काळात कुणालाच ठाऊक नव्हती. ओले औषध का बिघडते, याचे उत्तर एकोणिसाव्या शतकात जंतूंचे काम उमगल्यावर मिळाले.

अश्रूंसारखे पाणी

आता आजच्या कारखान्यात डोकावू. डोळ्यांचे औषध बनवणाऱ्यापुढे पहिला प्रश्न असतो: डोळ्याला हे पाणी परके वाटू नये. नळाच्या साध्या पाण्याने डोळे उघडे ठेवून धुतले तर चुरचुरतात, पण स्वतःच्या अश्रूंनी कधी चुरचुरत नाहीत. कारण अश्रूंत क्षार असतात. साधारण ०.९ टक्के मिठाच्या पाण्याइतका त्यांचा खारटपणा असतो. औषधाचे पाणीही तेवढ्याच खारटपणाच्या जवळ आणावे लागते.

दुसरी गोष्ट आम्लतेची. अश्रूंचा पीएच ७.४ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ उदासीन असतो. पण काही औषधे या पीएचला टिकत नाहीत, हळूहळू विघटित होतात. मग बनवणाऱ्याला मधला मार्ग काढावा लागतो. औषध थोडे आम्ल ठेवायचे, म्हणजे ते बाटलीत टिकेल, पण इतकेही नाही की डोळा मिटून घ्यावा. काही थेंब टाकल्यावर क्षणभर झोंबतात, त्यामागे अनेकदा हे कारण असते.

तिसरी अडचण डोळ्याच्या पडद्याची. बुबुळासमोरच्या पारदर्शक पडद्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात. त्याचा सर्वांत बाहेरचा थर तेलकट पदार्थांना वाट देतो, पाण्यात विरघळणाऱ्यांना अडवतो. त्याखालच्या जाड थराचे नेमके उलटे. म्हणून औषधाच्या रेणूला दोन्ही भाषा याव्या लागतात. काचबिंदूसाठी वापरले जाणारे लॅटॅनोप्रोस्ट हे औषध यासाठी मुद्दाम तैलप्रिय रूपात दिले जाते. कॉर्निया पार करताना तिथली विकरे त्याचा एक भाग तोडतात आणि मग ते कामाला लागते.

काही औषधे पाण्यात विरघळतच नाहीत. शेतात काम करताना उसाचे पाते किंवा भाताचे तूस डोळ्याला लागले तर बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. त्यावर वापरतात ते नॅटामायसिन असेच. त्याचे अतिशय बारीक कण पाण्यात तरंगत ठेवलेले असतात. बाटली थोडा वेळ उभी राहिली की औषध तळाशी बसते. ‘वापरण्यापूर्वी हलवा’ असे लिहिलेले असते ते यासाठी. न हलवता टाकलेल्या थेंबात औषध कमी आणि पाणीच जास्त.

एकच थेंब का

डोळ्यावर कोणत्याही क्षणी साधारण ७ मायक्रोलिटर अश्रू असतात. बाटलीतून पडणारा एक थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. पापणीच्या आतल्या खोबणीत जास्तीत जास्त ३० मायक्रोलिटरच्या आसपास मावते. म्हणजे एका थेंबातलेही काही गालावर येते. राहिलेले पापण्यांची उघडझाप आणि नवे अश्रू काही मिनिटांत धुऊन नेतात. डोळ्याच्या आत पोहोचतो तो थेंबाचा अगदी लहान हिस्सा, बहुधा ५ टक्क्यांहूनही कमी. औषध जास्त वेळ टिकावे म्हणून बनवणारे त्यात सेल्युलोजपासून तयार केलेले घट्ट करणारे पदार्थ मिसळतात.

मग दोन-तीन थेंब टाकून काय होते? दुसरा थेंब पहिल्याला ढकलून बाहेर काढतो. पैसे गालावरून वाहून जातात. हिशेब करून पाहा. काचबिंदूच्या औषधाची बाटली अनेकदा २.५ मिलीची असते. ४० मायक्रोलिटरचा एक थेंब धरला तर तिच्यात साधारण ६२ थेंब. दोन्ही डोळ्यांत रोज एकेक थेंब म्हणजे बरोबर एक महिना. रोज दोन-दोन टाकले तर पंधरा दिवसांत बाटली रिकामी, आणि गुण तेवढाच.

जंतूंशी सामना

सर्वांत कठीण काम आहे जंतूविरहित औषध बनवण्याचे. पोटात गेलेल्या जंतूंशी जठरातले आम्ल लढते. डोळ्याला तसले संरक्षण नाही. अश्रूंत जंतुनाशक द्रव्ये असतात, पण कॉर्नियाला बारीकसा ओरखडा असेल तर ती पुरी पडत नाहीत. स्यूडोमोनास नावाचा जिवाणू तर पाण्यातही वाढतो आणि तो कॉर्नियात शिरला तर एक-दोन दिवसांत डोळ्याचे भरून न येणारे नुकसान करू शकतो.

उकळून जंतू मारावेत हा सोपा उपाय. कारखान्यात १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेवर १५ मिनिटे निर्जंतुकीकरण करतात. पण अनेक औषधे ही उष्णता सोसत नाहीत, आणि पिळून थेंब पाडायची मऊ प्लॅस्टिकची बाटलीही सोसत नाही. म्हणून दुसरा मार्ग घेतात. औषध ०.२२ मायक्रॉनची छिद्रे असलेल्या गाळणीतून गाळतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या गाळणीतून सामान्य जिवाणू जात नाहीत. बाटल्या आणि झाकणे वायूने किंवा गॅमा किरणांनी वेगळी निर्जंतुक करतात. मग गाळलेल्या हवेच्या खोलीत, नखशिखांत झाकलेल्या कामगारांच्या देखरेखीखाली बाटल्या भरतात. काही कारखान्यांत एकच यंत्र प्लॅस्टिक वितळवून बाटली घडवते, भरते आणि बंद करते, माणसाचा हात मध्ये येतच नाही. शेवटी प्रत्येक घाण्यातल्या काही बाटल्या चाचणीला जातात. त्यांतले औषध जंतूंच्या आवडीच्या खाद्यात घालून १४ दिवस ठेवतात. काही उगवले तर तो घाणा बाद.

मराठीत ‘डोळ्यात तेल घालून’ पहारा देणे म्हणतात. हे काम तसेच करावे लागते. मात्र म्हण खरी मानून डोळ्यांत तेल घालू नका, ही विनंती.

एवढे होऊनही बाटली घरी येते, उघडते, आणि हवा व बोटे यांच्याशी तिचा संबंध येतो. त्यासाठी औषधात परिरक्षक घालतात. बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे त्यांतले सर्वांत प्रचलित. त्याचे प्रमाण साधारण ०.०१ टक्का, म्हणजे दहा हजार भागांत एक भाग. पण जे जंतूंना मारते ते डोळ्यांच्या पेशींनाही थोडे त्रास देतेच. वर्षानुवर्षे दोन-तीन औषधे टाकणाऱ्यांचे डोळे त्यामुळे कोरडे होतात. अशांना डॉक्टर परिरक्षक नसलेल्या, एकदा वापरून टाकून द्यायच्या छोट्या नळ्या किंवा खास झडपेची बाटली लिहून देतात. अशी नळी उघडून उरलेले दुसऱ्या दिवसासाठी ठेवणे म्हणजे बिनपहाऱ्याचे घर उघडे टाकणे.

नियम कागदावर आणि कारखान्यात

डोळ्यांची औषधे निर्जंतुकच हवीत हा नियम वाटतो तितका जुना नाही. अमेरिकेत तो १९५३ साली आला. आपल्याकडे १९४० चा औषध व सौंदर्यप्रसाधन कायदा आणि त्याखालचे १९४५ चे नियम आहेत. त्या नियमांत डोळ्यांच्या औषधांसाठी ‘एफएफ’ नावाचे स्वतंत्र परिशिष्ट आहे. बाटली उघडल्यापासून एका महिन्यात औषध वापरावे, बाटलीच्या टोकाला काही लागू देऊ नये, जळजळ राहिली तर थांबवून डॉक्टरांना भेटावे, अशा सूचना छापणे त्यानुसार बंधनकारक आहे. इतक्या बारीक अक्षरांत त्या असतात की वाचतो कोण? पण त्या शोभेसाठी नाहीत.

त्या का आहेत, ते २०२३ च्या सुरुवातीला जगाला दिसले. अमेरिकेत कोरड्या डोळ्यांसाठी विकले जाणारे ‘कृत्रिम अश्रू’ वापरणाऱ्यांत औषधांना न जुमानणाऱ्या स्यूडोमोनासची साथ पसरली. १८ राज्यांत ८१ रुग्ण नोंदले गेले. १४ जणांची दृष्टी गेली, चौघांचे डोळे काढावे लागले आणि चौघांचा मृत्यू झाला. ते औषध आपल्याच देशात, तामिळनाडूतल्या एका कारखान्यात बनले होते. अनेक वेळा उघडायच्या बाटलीत पुरेसे परिरक्षक नव्हते आणि जंतूंच्या चाचणीतही त्रुटी होती, असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने म्हटले. साधे अश्रूंसारखे पाणी, त्यात कोणतेही जहाल औषध नाही, तरी एवढा अनर्थ झाला.

त्याच तामिळनाडूत, मदुराईत, दुसरे उदाहरणही आहे. डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी १९७६ साली सुरू केलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयाने १९९२ मध्ये ऑरोलॅब ही उत्पादन संस्था काढली. डोळ्यांत बसवायची भिंगे गरिबांना परवडतील अशा किमतीत तिथे बनू लागली, पुढे डोळ्यांची औषधेही. स्वस्त आणि निर्दोष या दोन गोष्टी एकत्र जमू शकतात, हे आपल्याच देशातल्या लोकांनी दाखवले आहे.

सुरम्याचा प्रश्न

आता नाजूक विषय. सुरमा लावणे आपल्याकडे सुन्नत म्हणून जपले जाते आणि हदीसमध्ये ‘इस्मिद’ची शिफारस आहे. त्याबद्दल वाद नाही. वाद पाकिटात काय आहे याचा आहे. इस्मिद म्हणजे अँटिमनीचे खनिज असे जुने जाणकार सांगत. बाजारातला बराच सुरमा मात्र गॅलिना या खनिजाची पूड असते. गॅलिना म्हणजे शिशाचे सल्फाइड, आणि शुद्ध गॅलिनाच्या वजनात सुमारे ८६ टक्के शिसेच असते. दोन्ही खनिजे काळसर आणि चमकदार. नुसते बघून आपल्याला फरक कळणार नाही. दुकानदारालाही नाही.

मोठ्या माणसापेक्षा लहान मुलांना शिसे जास्त घातक. मूल डोळे चोळते, तेच बोट तोंडात घालते. रक्तात गेलेले शिसे वाढत्या मेंदूला इजा करते, रक्त कमी करते, शिकण्याची आणि लक्ष देण्याची शक्ती घटवते. मुलांच्या रक्तातले शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरांच्या रंगांतही आपल्या देशाने दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त शिसे ठेवू दिलेले नाही. मग तेच शिसे तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत कसे चालेल? शिक्षक म्हणून मला याची जास्त काळजी वाटते, कारण जे मूल उद्या माझ्या बाकावर बसणार आहे, त्याची बुद्धी आज पाळण्यात घडते आहे. म्हणून बाळांना आणि गरोदर स्त्रियांना सुरमा लावू नये. मोठ्यांनी वापरायचाच असेल तर शिसे नसल्याची प्रयोगशाळेची खात्री असलेलाच वापरावा, आणि एकाच सलाईने साऱ्या घराचे डोळे रंगवू नयेत. गुलाबपाणी, मध, आईचे दूध यांबाबतही हेच. या वस्तू चांगल्या आहेत, पण निर्जंतुक नाहीत.

दुकानातून मागून आणलेला थेंब

२०२३ च्या पावसाळ्यात आळंदीपासून राज्यभर डोळे येण्याची साथ पसरली होती. अशा साथी बहुतेक वेळा विषाणूंच्या असतात. प्रतिजैविकाचा थेंब विषाणूला मारत नाही. तरी लोक दुकानात जाऊन ‘लवकर बरे करणारे’ औषध मागतात आणि त्यात कधी स्टिरॉइड असते. स्टिरॉइडने लाली झटकन जाते, खाज थांबते, म्हणून ते आवडते. मुलांच्या दर उन्हाळ्यातल्या खाजेवर आई तीच बाटली पुन्हा आणते. असे महिनोन् महिने चालले तर डोळ्यातला दाब वाढतो, काचबिंदू होतो, मोतीबिंदूही होतो. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. स्टिरॉइड हे वाईट औषध नाही. ते डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यायचे औषध आहे.

रोजा आणि काचबिंदू

रमजानमध्ये हमखास विचारला जाणारा प्रश्न: रोज्यात थेंब टाकावेत का? डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात एक बारीक छिद्र असते. तिथून अश्रूनलिका नाकात उतरते आणि नाकातून घशात. म्हणून थेंबाची कडू चव जिभेवर येते आणि मनात शंका येते. हनफी आणि शाफिई फिक्हनुसार डोळ्यांत औषध टाकल्याने रोजा मोडत नाही. आपल्या कोकणातली मंडळी शाफिई आहेत, त्यांनाही हे लागू आहे. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९९७ च्या जिद्दा येथील ठरावात डोळ्यांचे थेंब रोजा न मोडणाऱ्या गोष्टींत धरले आहेत. मात्र घशात आलेले गिळू नये, असे म्हटले आहे. तरी मनात किंतु असेल तर आपल्या आलिमांना विचारा, पण विचारून होईपर्यंत औषध बंद ठेवू नका.

काचबिंदू बहुधा दुखत नाही, डोळाही सहसा लाल होत नाही. महिनाभर थेंब थांबवले तरी काही जाणवत नाही, आणि तोच धोका आहे. आत दाब वाढतो आणि मज्जातंतू हळूहळू मरतात. बहुतेक वेळा वेळापत्रक जमवता येते. रात्रीचे एक वेळचे औषध तरावीहनंतर टाकता येते. दोन वेळचे असेल तर सहरीला आणि इफ्तारनंतर. तीन-चार वेळचे असेल तर डॉक्टरांशी आधी बोलून घ्या.

थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरा. छिद्र बंद होते, औषध डोळ्यातच राहते आणि घशात कमी उतरते. याचा रोज्यापलीकडेही फायदा आहे. टिमोलोल नावाचे काचबिंदूचे औषध नाकावाटे रक्तात गेले तर दमा वाढवू शकते. घरात कुणाला दमा असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा.

घरापुरते एवढे करा

हात धुवा. खालची पापणी ओढून थैली करा आणि एक थेंब टाका. टोक पापणीला लागू देऊ नका. दोन वेगळी औषधे असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्या. भावाची बाटली बहिणीला वापरू नका. कितीही नवी असली तरी डोळ्यांसाठी नसलेली बाटली डोळ्यांजवळ आणू नका. कानाचे थेंब आणि डोळ्यांचे थेंब एकाच खणात ठेवू नका, बाटल्या सारख्याच दिसतात.

‘मॅडम, चारशे रुपयांची बाटली निम्मी उरली, ती फेकायची का?’ असे पालकसभेत एका आईने विचारले होते. प्रश्न रास्त आहे, कारण चारशे रुपये कुणाच्या एका दिवसाच्या मजुरीएवढे असतात. तरी उत्तर ‘हो’ असेच आहे. आपण औषधासाठी जे पैसे दिले त्यात गाळणी, निर्जंतुक खोली आणि १४ दिवसांची चाचणी यांची किंमत होती. उघडल्यावर महिन्याने त्यातले काहीही उरलेले नसते. पैसे वाचवायचे असतील तर ते खरेदी करताना वाचवावेत. डॉक्टरांना लहान बाटली लिहायला सांगा, जेनेरिक औषध मिळेल का ते विचारा, आणि दोनाऐवजी एकच थेंब टाका.

आज रात्री जेवणे आटोपली की तो खण उघडा. ज्या बाटलीची उघडल्याची तारीख कुणालाच सांगता येत नाही, ती काढून टाका. पुढची बाटली आणाल तेव्हा झाकण उघडताच पेनाने तिच्यावर तारीख लिहा.